नकाशा जागा खातो

दुकानाचा फोन भरला आणि दोघी जावांना भांडायला नवा विषय मिळाला. तोवर त्यांचं जुन्यावरच भागत होतं.

दुकान आजारी माणसांच्या सामानाचं होतं. डोकं वर-खाली होणारे पलंग, हवेच्या गाद्या, चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, सगळं भाड्याने मिळायचं. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की लोकांचा फोन यायचा, आणि ते माणूस उठून चालायला लागलं किंवा कायमचं गेलं की सामान परत न्या म्हणून दुसरा फोन यायचा. दोन्ही फोनांना ‘हो, लगेच’ असंच उत्तर द्यायचं, ही सासूबाईंची शिकवण. दुकान त्यांचंच. नवऱ्याच्या आजारपणात विकत घेतलेला पलंग नवरा गेल्यावर त्यांनी भाड्याने दिला, आणि तिथून हा सगळा पसारा उभा राहिला. फोनचा नंबर पाटीवर, पावत्यांवर आणि गाडीच्या दोन्ही अंगांवर रंगवलेला होता. धाकटीच्या स्वतःच्या फोनची काच तिच्या पोराने फोडून ठेवलेली, आणि थोरलीचा फोन बटणांचा. त्यामुळे कामाचा फोन एकच, आणि तो सगळ्यांचा. भांडायला याहून सोयीची वस्तू नसते.

त्या सकाळी धाकटी फोन स्टँडवर लावून एका पलंगापाशी व्हिडिओ करत होती. “पेशंटचं डोकं वर कसं घ्यायचं, ते आज आपण बघूया हं,” असं ती मधाळ आवाजात म्हणत होती. हा आवाज घरात कुणीही कधी ऐकलेला नव्हता. तो व्हिडिओसाठी राखून ठेवलेला होता. त्या व्हिडिओंमुळे गिऱ्हाइकं यायची हे मात्र खरं, आणि हे खरं असल्याचं धाकटी रोज एकदा तरी ऐकवायची. हँडल अर्धं फिरवून झालं आणि फोनने रेकॉर्डिंग बंद पाडलं. जागा शिल्लक नाही.

धाकटीने फोन उघडून कशाने किती जागा खाल्ली ते वाचलं, आणि घरच्या आवाजात ओरडली, “ताई! हे काय आहे?”

थोरली मागच्या अंगणात गाडीत पलंगाचे कठडे चढवत होती. ती हात पुसत आली.

“नुसता नकाशा एवढी जागा खातोय? माझे सगळे व्हिडिओ मिळून याच्या निम्मे नाहीत!”

“त्याला हात लावायचा नाही.”

“अख्खी पृथ्वी उतरवून घेतलीत की काय?”

“डोंगरापलीकडचा भाग आहे तो. तिकडे नेट नसतं.”

“नेट नसतं, रस्ते तर असतात ना? इतकी वर्षं जाताय तिकडे. रोजच्या रस्त्याला नकाशा कशाला लागतो?”

“ट्रॅफिक बघायला.”

“नेट नसताना ट्रॅफिक कसा दिसतो हो, ताई?”

थोरली खोटं बोलण्यात कच्ची होती. धाकटीला हे माहीत होतं, आणि असं काही हाती लागलं की ती ते लवकर सोडत नसे.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. थोरलीला रस्ता कळत नसे. अजिबात. ज्या गल्लीतून आत गेली तीच गल्ली बाहेर पडताना तिला परकी वाटायची. डावं-उजवंसुद्धा तिला पटकन सुचायचं नाही. जेवायचा हात कुठला ते मनात आठवून मग ती स्टेअरिंग फिरवायची. गाडी मात्र झकास चालवायची. चढावर, चिखलात, बोळातून उलटी घेताना, भल्याभल्यांना घाम फुटेल तिथे तिचा हात हलत नसे. फक्त कुठे वळायचं ते कुणीतरी सांगायला हवं. आधी गाडी तिचा नवरा चालवायचा. पलंग उचलता उचलता त्याची पाठ गेली, तो काउंटरवर बसला आणि किल्ली तिच्या हातात आली. सुरुवातीला ती वाटेतून गुपचूप त्यालाच फोन करायची. तोही गिऱ्हाइकाशी बोलतोय असं दाखवत काउंटरवरून तिला एकेक वळण सांगायचा. मग वर्षापूर्वी तिच्या भाचीने तिला हा नकाशा उतरवून दिला. तेव्हापासून थोरलीच्या एका कानात वायर असायची, आणि वायरीतून एक बाई म्हणायची, ‘पुढे डावीकडे वळा.’ घरच्यांना वाटायचं, हिला गाण्यांचं वेड लागलंय.

“काय गोंधळ आहे?” सासूबाई आतून आल्या. त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं. ‘मी सुनांमध्ये डावं-उजवं करत नाही,’ असं त्या नेहमी म्हणायच्या. तेही एका अर्थी खरं होतं. त्या दोघींनाही सारखंच टाकून बोलायच्या.

“मागच्या आठवड्यात एक पलंग उशिरा पोचला,” त्या थोरलीला म्हणाल्या. “का पोचला ते मला ऐकायचं नाही. आज त्या डोंगरापलीकडच्या घरी पेशंट यायच्या आत पलंग लागलेला पाहिजे. नाही लागला, तर गाडीची किल्ली धाकटीच्या भावाच्या हातात. नाहीतरी तो बिनकामाचाच फिरतोय.”

धाकटीने खाली बघून हसू दाबलं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. किल्ली गेली म्हणजे काय, ते तिला कुणी समजावायची गरज नव्हती. मागच्या मोरीत उकिडवं बसून परत आलेल्या कमोडच्या खुर्च्या ब्रशने घासायच्या. लग्न झाल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत तिने तेच केलं होतं, आणि पुन्हा करण्यापेक्षा घर सोडलेलं बरं असं तिचं मत होतं.

“आण इकडे तो फोन,” काउंटरवरून तिचा नवरा म्हणाला. “मी करतो जागा. तुम्ही दोघी जरा गप्प बसा.”

धाकटीने फोन त्याच्यापुढे आपटला. थोरलीचा जीव भांड्यात पडला. तिचं गुपित घरात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. तो नाकावर चष्मा ठेवून बराच वेळ फोन चिवडत बसला आणि मग म्हणाला, “झाली जागा.” धाकटीने मधाळ आवाज पुन्हा अंगावर घेतला.

सामान उचलणारा माणूस त्या दिवशी आलाच नाही, म्हणून पलंगाचं दुसरं टोक धरायला धाकटीला गाडीत बसावं लागलं.

“दुसरं कुणी नव्हतं म्हणून येतेय,” ती म्हणाली.

“मीही दुसरं कुणी नव्हतं म्हणूनच नेतेय.”

गावाबाहेरच्या पुलापर्यंतचा रस्ता सरळ होता आणि तेवढा थोरलीला पाठ होता. तोवर दोघींनी एकमेकींचं माहेर उकरून काढलं. पूल गेला, चढ लागला, नेट गेलं. थोरलीने सवयीने वायर कानात घातली, गिऱ्हाइकाने पाठवलेली जागा दाबली आणि बाई बोलायची वाट बघितली. बाई बोलेना. एक फाटा समोर येत होता. तिने गाडी कडेला घेऊन फोन बघितला. नुसता राखाडी पडदा, आणि त्यात एक निळा ठिपका. रस्ते नाहीत, नावं नाहीत. तो ठिपका म्हणजे ती स्वतः होती.

तिला राग आला. राग कुणावर काढायचा तेही शेजारीच बसलेलं होतं.

“काढलास ना? शेवटी काढलासच!”

“काय काढलं?”

“नकाशा! निक्षून सांगितलं होतं हात लावू नकोस म्हणून. पण नाही. तुझं ते लाडीगोडीचं नाटक चाललं पाहिजे. आणि भावाला गाडी मिळाली पाहिजे!”

“मी नाही काढला.”

“खोटारडी!”

“ए ताई, तोंड सांभाळा. मी काढला असता तर तुमच्या तोंडावर सांगितलं असतं, की हो, काढला, काय करायचं ते करा. मी काय घाबरते तुम्हाला? आणि नसला नकाशा तर नसला. रस्ता समोर दिसतोय. चालवा.”

“कुठला? या दोनातला कुठला?”

“इतकी वर्षं येताय ना इथे?”

“नाही कळत मला!” थोरली किंचाळली. “कधीच कळला नाही! कुणी सांगितल्याशिवाय मला घरची मोरीसुद्धा सापडणार नाही, कळलं? बस आता हसत!”

बोलून गेली आणि जीभ चावली. इतकी वर्षं जपलेली गोष्ट तिने नेमकी त्याच माणसाच्या ओटीत टाकली होती ज्याच्यापासून जपायची होती. धाकटी लगेच हसली नाही. आधी तिने मान वळवून थोरलीच्या कानातल्या वायरीकडे नीट बघितलं.

“म्हणजे गाणी नव्हतीच,” ती सावकाश म्हणाली. “आणि आम्ही सगळे समजत होतो, बाई रंगेल आहे.” मग हसली. भरपूर हसली. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, “पण मला हे आत्ता कळलं, ताई. सकाळी माहीत असतं तर गोष्ट वेगळी. माहीत होतं ते कुणाला? आणि सकाळी फोन कुणाच्या हातात होता?”

उत्तर थोरलीला ठाऊक झालं होतं. धाकटीने काढला असता तर तो दुष्टपणा झाला असता, आणि धाकटीच्या दुष्टपणाची तिला सवय होती. पण नवऱ्याने काढला होता. तिला नकाशा कशाला लागतो हे माहीत असलेल्या एकमेव माणसाने, आज उशीर झाला तर काय होईल हे स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर. तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं, पण धाकटीसमोर रडण्यापेक्षा तिने दात आवळले.

तेवढ्यात फोन वाजला. बोलण्यापुरती एखादी दांडी इथे असायची. फोन त्याचाच होता.

“पूल ओलांडलास ना?” तो म्हणाला. “मी वेळ धरूनच होतो. आता फाट्यावर असशील. सांग, काय दिसतंय?”

आवाज खूश होता. असा आवाज तिने वर्षभरात ऐकलेला नव्हता. काउंटरवर बसून पाठीच्या नावाने कुरकुरणारा माणूस हा नव्हेच. गाडी चालवायचा तेव्हाचा, शीळ घालणारा तो माणूस होता. आणि तो वाट बघत बसला होता, हे कळल्यावर तिचा राग आणखीच भडकला. चार शिव्या तोंडाशी आल्या. पण आजारी माणूस अँब्युलन्समधून निघालेला होता, पलंग तिच्या गाडीत होता, आणि किल्लीचा सवाल होता.

“दोन फाटे आहेत,” ती म्हणाली. “एकीकडे बंद पडलेला पेट्रोल पंप आहे.”

“पंपाच्या बाजूचा घे. उजवा. जेवायचा हात.”

धाकटीने हात पुढे करून फोन स्पीकरवर टाकला. असला तमाशा फुकट मिळत असताना ती कशाला सोडेल?

तो सांगत गेला, थोरली वळत गेली. मोठं झाड येईल म्हणाला, आलं. शाळेची भिंत म्हणाला, आली. एका वळणावर म्हणाला, “इथे कडेला खड्डा आहे, जपून,” आणि खड्डा खरंच होता. धाकटीच्या भुवया वर गेल्या. थोरलीला स्वतःचाच संताप आला, कारण इतकं सगळं होऊनही तिला त्या आवाजाचा आधार वाटत होता.

“आता पाण्याची उंच टाकी येईल. टाकी गेली की लगेच डावा. तिथून थेट वर. वर गेलीस की पहिलंच घर.”

टाकी आली. थोरली डावीकडे वळली. थोडं पुढे डांबर संपलं. मग खडी संपली. मग चाकांच्या मधे गवत आलं, दोन्ही बाजूंनी झुडपं काचेला घासायला लागली, आणि फोनवर खरखर झाली आणि आवाज गेला. एका वळणावरून समोर आली ती खाण. डोंगराला पाडलेलं भगदाड, तळाशी हिरवं पाणी, काठावर एक मोडका फलक. रस्ता सरळ त्या पाण्यात उतरत होता.

“वा,” धाकटी म्हणाली. “पेशंट पोहत येणार आहे का?”

गाडी फिरवायला तिथे जागा नव्हती. थोरलीने मागे बघत ती वाट उलटी पार केली. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला काही नाही. मागे पलंगाचे लोखंडी भाग खणखणत होते. धाकटी दाराची मूठ धरून बसली. वर डांबरावर आल्यावर थोरली थांबली. कुठे जायचं ते तिला आता अजिबात कळेना. नवऱ्याला पुन्हा लावावा म्हणून तिने फोन घेतला, तर तिथे एक दांडीसुद्धा नव्हती.

तेवढ्यात समोरून अँब्युलन्स गेली.

“त्याच्या मागे लावा!” धाकटी ओरडली.

“आपलाच पेशंट कशावरून?”

“या डोंगरात रोज अँब्युलन्सचा बाजार भरतो का? लावा म्हणते ना!”

थोरलीने लावली. अँब्युलन्स टाकीच्या पुढे सरळ गेली, डोंगर कापून काढलेल्या एका रुंद, गुळगुळीत रस्त्याला लागली आणि एका वळणातच घरासमोर उभी राहिली. पेशंटच्या आधी पोचायचा पलंग पेशंटच्या मागून आला.

घरची मुलगी दारातच होती. वडिलांना उतरवून घ्यायला ती पुढे आली, आणि अँब्युलन्सच्या मागे पलंगाची गाडी बघून तिथेच भडकली. “ही वेळ झाली? सकाळपासून खोली रिकामी करून बसलोय आम्ही! आता बाबांना जमिनीवर निजवू का?”

अँब्युलन्सचा ड्रायव्हर म्हणाला, त्याला दुसरं बोलावणं आहे, तो थांबणार नाही. धाकटी त्याला म्हणाली, थांबणार नाहीस तर स्ट्रेचरसकट इथे ठेव आणि जा. तो म्हणाला, स्ट्रेचर तुझ्या बापाचं आहे का? आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, “आधी पलंग लावा, मग सावकाश भांडा. मी कुठे पळून चाललोय?”

दोघींनी पलंग उतरवला. त्या जावांना एकमेकींची तोंडं आवडत नव्हती, पण हात चांगले ओळखीचे होते. थोरलीने डोक्याकडचा भाग उभा धरला तोवर धाकटीने पायाकडचा आणून भिडवला. एकीने बोल्ट पुढे केला तर दुसरीचा पाना तिथे आधीच होता. कठडे, हँडल, चाकांचे ब्रेक, वर हवेची गादी, पंपाची वायर. एक शब्द न बोलता पलंग उभा राहिला. एरवी धाकटीने इथे व्हिडिओ केला असता. तिने फोन काढलासुद्धा, पण मुलीने असं बघितलं की परत ठेवला.

म्हाताऱ्याला पलंगावर घेतल्यावर मुलगी म्हणाली, “मी सोडणार नाही. दुकानात तक्रार करणार आहे.” तिने गाडीवरचा नंबर बघून तिथल्या तिथे घरच्या फोनवरून लावला, आणि घरापाशी दांडी असल्यामुळे धाकटीने नुकताच ठेवलेला फोन वाजला. धाकटीने तो तिच्यासमोरच कट केला.

“मालकिणीचा नंबर वेगळा आहे,” ती म्हणाली. “लिहून घ्या, सांगते.” आणि सासूबाईंचा नंबर एकेक आकडा सावकाश उच्चारून, दोनदा सांगितला.

परतीच्या वाटेवर वायरीतली बाई झाली ती धाकटीच. “डावीकडे. डावीकडे, ताई. जेवायचा नाही, दुसरा.” ती प्रत्येक वळण चवीने सांगत होती. टाकीच्या अलीकडे पुन्हा दांडी आली आणि लगेच नवऱ्याचा फोन आला.

“मधेच तुटला गं. पोचलात ना? मी सांगितलं तसंच ना?”

त्याचा आवाज अजून तसाच खूश होता. थोरलीला त्याला फाडून खायचं होतं, पण ते समोर बसवून, फोनवर नव्हे.

“हो,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

“हो काय, हो?” धाकटी म्हणाली. “आपल्याला खाणीत घातलं त्यांनी!”

“तुला काय करायचंय?”

“मला काही नाही करायचं. तुम्हाला करावं लागेल.”

दुकानात सासूबाई हात पुढे करूनच उभ्या होत्या. तक्रार पोचलेली होती, आणि चांगली तिखटमीठ लावून पोचलेली होती. थोरला काउंटरमागे खुर्चीत होता.

“किल्ली,” सासूबाई म्हणाल्या.

“आधी उशीर का झाला ते तरी ऐका.”

“तुझ्याकडून नको. धाकटे, तू होतीस. तू बोल.”

धाकटीला दोनदा सांगावं लागलं नाही. “फोनमधला नकाशा उडवला होता. भाऊजींनी. आणि ताईंना नकाशाशिवाय रस्ता कळत नाही. आजचं नाही, कधीच कळत नव्हता. कानात गाणी-बिणी काही नसतात त्यांच्या. ती नकाशातली बाई सांगते, या वळतात.”

एका दमात तिने नवरा-बायको दोघांना उभं सोलून ठेवलं. सासूबाईंनी आधी सुनेकडे बघितलं, मग मुलाकडे.

“तू उडवलास?”

“जागा करायची होती.”

“मग हिचे ते व्हिडिओ उडवायचे. नकाशाच का?”

तो काउंटरच्या काचेवर बोट घासत राहिला. मग म्हणाला, “वर्ष झालं, हिने मला एक फोन केला नाही. आधी दिवसभर करायची. इथे वळू का, तिथे वळू का. मी इथे बसून तिच्याबरोबर सगळीकडे जायचो. पाठ इथे, बाकी मी गाडीत. आणि मग ती कानातली बाई आली. फोनमधली जागा राहू दे, आई. माझी जागा खाल्ली तिने.”

“म्हणून मला भर रस्त्यात हरवायचं होतं तुम्हाला?” थोरलीचा आवाज चिरकला. “पेशंट वाटेत असताना? किल्ली जाणार हे माहीत असताना?”

“हरवायचं नव्हतं गं. तू विचारावंस, एवढंच हवं होतं.”

तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी चीड आली. विचारायला लावण्यासाठी त्याने तिला आंधळं केलं होतं. हे प्रेम असलं, तर असलं प्रेम तिला नको होतं.

सासूबाईंना या कशाशी घेणंदेणं नव्हतं. “विचारलं ना तिने? तू सांगितलंस ना? मग तू धड सांगूनही उशीर झाला, म्हणजे चूक हिचीच. किल्ली दे.”

“मी बरोबरच सांगितलं,” थोरला म्हणाला. “तिकडचे रस्ते मला पाठ आहेत. डोळे मिटून सांगीन. हिनेच तर म्हटलं फोनवर, तुम्ही सांगितलं तसंच. हो ना गं?”

धाकटीने तोंड उघडलं आणि मिटलं. “हे मी नाही सांगणार,” ती थोरलीला म्हणाली. “नवरा तुमचा आहे. तुम्हीच सांगा.”

थोरलीच्या मुठीत किल्ली होती. गप्प बसली तर ती जाणार होती, आणि उद्यापासून मोरी. बोलली तर या माणसाकडे जे एवढंसं उरलं होतं, ते त्याच्या आईसमोर आणि भावजयीसमोर तिलाच मोडावं लागणार होतं. त्याने तिच्यावर दया केली नव्हती. तिने स्वतःला ते बजावलं आणि बोलली.

“टाकीनंतरचा डावा रस्ता आता नाही. तो खाणीत उतरतो. डोंगर कापून सरळ नवा रस्ता केलाय. आम्ही अँब्युलन्सच्या मागे लागून पोचलो.”

“काहीतरीच. तू चुकीच्या टाकीपाशी वळली असशील.”

“टाकी तीच होती. खाणीत पाणी साचलंय. वाटेवर झुडपं माझ्या कमरेपर्यंत आलीत.”

सासूबाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. त्यांनी मुलाकडे बघायचं टाळलं. “तो नकाशा परत उतरवून घे,” त्या धाकटीला म्हणाल्या. “जागा लागेल तेवढे तुझे व्हिडिओ काढ.” धाकटी फणकाऱ्याने फोन घेऊन आत गेली, आणि सासूबाई तिच्या मागोमाग, ती सगळं नीट काढते की नाही ते बघायला.

थोरली किल्ली घेऊन तिथेच उभी राहिली. ती जिंकली होती, आणि तिला आनंद झाला नव्हता. थोरला काचेवर बोटाने काहीतरी गिरवत होता. थोड्या वेळाने तिला कळलं, तो रस्ते काढत होता.

“खालचा लाकडी पूल आहे ना अजून?” त्याने विचारलं. “गिरणीमागचा?”

गिरणीकडे ती दर आठवड्याला जायची. पूल असावा. किंवा सिमेंटचा झाला असावा. ती कानाने गेली होती, डोळ्यांनी गेलीच नव्हती.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“बरं. मग उतारावरचं ते पत्र्याचं वळण? शेजारी विटांची भट्टी होती. आणि नदीकडचा कच्चा रस्ता, तो झाला का पक्का?”

तो खुर्चीत पुढे सरकून, पाठीची कळ सोसत, एकामागून एक विचारत राहिला. तिला एकाचंही उत्तर देता येईना.